डोरोथिया डिक्स

डोरोथिया लिंड डिक्स (जन्म : ४ एप्रिल १८०२, हॅम्पडेन, मेन, मृत्यू : १७ जुलै १८८७, ट्रेंटन, न्यू जर्सी) या अमेरिकी शिक्षिका, लेखिका आणि समाजसुधारक होत्या. गरीब मनोरुग्णांना तुरुंग व गरीबगृहे यांतून बाहेर काढून त्यांच्या उपचारांची जबाबदारी राज्यशासनाने घ्यावी, यासाठी त्यांनी १८४१ पासून अखेरपर्यंत काम केले. अमेरिकेतील व अमेरिकेबाहेरील ३२ मनोरुग्णालयांच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) त्या उत्तरेकडील सैन्याच्या परिचारिकांच्या अधीक्षक होत्या. त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्या काळी अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार नव्हता आणि स्त्रीने विधिमंडळापुढे उभे राहून भाषण करण्याची रीतही नव्हती. त्यामुळे त्यांचे सर्व कार्य प्रत्यक्ष पाहणी, लेखी निवेदने आणि लोकप्रतिनिधींच्या खासगी भेटी यांच्या आधारे झाले.

बालपण व शिक्षणकार्य

डोरोथियांचा जन्म झाला तेव्हा मेन हा प्रदेश मॅसॅच्युसेट्स राज्याचाच भाग होता. वडील जोसेफ डिक्स हे मेथडिस्ट पंथाचे फिरते धर्मोपदेशक होते. घरात पैशाची ओढग्रस्त होती आणि आईची प्रकृती बहुधा बरी नसे. दोन धाकट्या भावांचा सांभाळ लहान वयातच डोरोथियांकडे आला. बाराव्या वर्षी त्या घर सोडून बॉस्टनला आजीकडे गेल्या. आजोबा डॉ. एलायजा डिक्स हे बॉस्टनमधील सधन वैद्य व जमीनमालक होते; ते १८०९ मध्येच वारले होते. आजीचा स्वभाव शिस्तीचा व कडक होता. तिने नातीला पुढे वूस्टर येथील नातेवाइकांकडे ठेवले. तेथे वयाच्या चौदाव्या वर्षी डोरोथियांनी लहान मुलांची शाळा काढली.

१८२१ च्या सुमारास त्यांनी बॉस्टनमध्ये मुलींची शाळा सुरू केली आणि तिच्या जोडीने गरिबांच्या मुलांसाठी मोफत वर्गही चालवला. घरातील व निसर्गातील साध्या वस्तूंची माहिती आई व मुलगी यांच्या संवादातून देणारे त्यांचे पाठ्यपुस्तक १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते अनेक दशके चालले आणि १८६९ पर्यंत त्याच्या साठ आवृत्त्या निघाल्या. याशिवाय त्यांनी मुलांसाठी स्तोत्रसंग्रह, बोधकथा आणि चिंतनपर लेखन केले. युनिटेरियन पंथाचे प्रसिद्ध धर्मोपदेशक विल्यम एलरी चॅनिंग यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. चॅनिंग यांच्या मुलांच्या शिक्षिका म्हणून त्या त्या कुटुंबासमवेत सेंट क्रॉय या कॅरिबियन बेटावरही राहिल्या. त्यांनी विवाह केला नाही.

आजारपण व इंग्लंडमधील वास्तव्य

पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम करण्याची सवय आणि फुप्फुसांचा जुना विकार यांमुळे १८३६ मध्ये डिक्स यांची प्रकृती पूर्णपणे ढासळली व शाळा बंद करावी लागली. अलीकडच्या चरित्रकारांनी या आजारात नैराश्याचाही मोठा भाग असावा असे म्हटले आहे. स्वतः डिक्स आपल्या दुखण्याचा उल्लेख शारीरिक आजार म्हणूनच करीत. हवापालटासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि लिव्हरपूलचे व्यापारी व लोकसेवक विल्यम रॅथबोन यांच्या घरी वर्षभराहून अधिक काळ राहिल्या. त्या घरात इंग्लंडमधील सुधारकांची ये-जा असे. तुरुंग, गरीबगृहे आणि मनोरुग्णालये यांच्या सुधारणांची चर्चा डिक्स यांच्या कानी पडली ती येथेच.

या चर्चेच्या मुळाशी मनोरुग्णांकडे पाहण्याचा एक नवा दृष्टिकोन होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फिलिप पिनेल यांनी, तर यॉर्क येथे क्वेकर पंथाच्या ट्यूक कुटुंबाने १७९६ मध्ये उघडलेल्या रिट्रीट या संस्थेने, साखळदंड व मारझोड यांऐवजी शांत परिसर, ठरलेली दिनचर्या, हलके काम आणि माणुसकीची वागणूक यांवर आधारलेली उपचारपद्धती रूढ केली. या पद्धतीला नैतिक उपचार असे नाव मिळाले. वेड हा ईश्वरी कोप नसून आजार आहे आणि तो वेळीच हाताळल्यास बरा होऊ शकतो, हा विश्वास तिच्यातून पसरला. डिक्स यांनी या बाबतीत नवा सिद्धान्त मांडला नाही. हे उपचार पैसे देऊ शकणाऱ्यांपुरते मर्यादित राहू नयेत, हा त्यांचा आग्रह होता.

१८३७ मध्ये आजीचे निधन झाले. वारशातून मिळालेल्या उत्पन्नामुळे डिक्स यांना पोटासाठी नोकरी करण्याची गरज उरली नाही. पुढील सर्व प्रवास त्यांनी बव्हंशी याच उत्पन्नावर केला.

ईस्ट केंब्रिजचा तुरुंग

मार्च १८४१ मध्ये बॉस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिज येथील तुरुंगात स्त्री-कैद्यांसाठी रविवारचा धर्मवर्ग घेण्यास शिक्षक हवा होता. धर्मशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्यासाठी डिक्स यांचा सल्ला विचारला, तेव्हा त्या स्वतःच तेथे गेल्या. वर्ग संपल्यावर त्यांनी तुरुंगाच्या इतर खोल्या पाहिल्या. कोणताही गुन्हा न केलेले मनोरुग्ण तेथे अस्वच्छ व शेकोटी नसलेल्या कोठड्यांत ठेवलेले त्यांना आढळले. न्यू इंग्लंडमध्ये मार्चअखेरही कडाक्याची थंडी असते. वेड्यांना थंडी जाणवत नाही, असे कारण तुरुंगाधिकाऱ्याने दिले.

डिक्स यांनी हे प्रकरण स्थानिक न्यायालयापुढे नेले आणि कोठड्या उबदार करण्याची व्यवस्था करवून घेतली. वृत्तपत्रांतून त्यांच्या म्हणण्याबद्दल शंका घेतली गेली, तेव्हा अंधांच्या शिक्षणाचे कार्य करणारे डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ आणि वकील चार्ल्स समनर यांनी स्वतः पाहणी करून त्यांच्या वर्णनाला दुजोरा दिला. एका तुरुंगाचा प्रश्न सुटला होता. इतर गावांत काय स्थिती आहे, हे मात्र कोणी पाहिलेले नव्हते.

गरीब मनोरुग्णांची तत्कालीन व्यवस्था

त्या काळी अमेरिकेत निराधारांच्या पालनपोषणाचा भार गावावर किंवा काउंटीवर असे. काउंटी हा साधारणतः आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण बहुधा त्याहून लहान प्रशासकीय घटक होय. मोठ्या गावांनी गरीबगृहे बांधली होती. लहान गावांतून निराधारांचा लिलाव होई. हा लिलाव उलट्या प्रकारचा असे : जो शेतकरी सर्वांत कमी पैसे घेऊन माणूस पोसण्यास तयार होईल, त्याच्या हवाली त्या माणसाला केले जाई. मनोरुग्ण शेतकामाला निरुपयोगी ठरला, तर तो तळघरात किंवा गोठ्यात बांधलेला राही. अशा लोकांमध्ये आजच्या अर्थाने मनोरुग्ण असलेल्यांखेरीज बौद्धिक अपंगत्व असलेले, अपस्माराचे रुग्ण आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्धही असत. त्या सर्वांना सरसकट वेडे म्हटले जाई.

मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णालय मुळीच नव्हते असे नाही. शिक्षणतज्ज्ञ होरेस मॅन यांच्या प्रयत्नांनी वूस्टर येथे राज्याचे मनोरुग्णालय १८३३ मध्ये सुरू झाले होते. तेथे पाठवलेल्या निराधार रुग्णाचा खर्च मात्र त्याच्या गावाला भरावा लागे आणि हा खर्च गरीबगृहातील खर्चापेक्षा बराच अधिक असे. त्यामुळे कर वाचवू पाहणारे गावकारभारी रुग्णाला पाठवतच नसत, किंवा तो शांत झाला की परत आणत. शिवाय रुग्णालय लवकरच भरून गेले आणि असाध्य ठरलेल्या रुग्णांना तेथून पुन्हा तुरुंगात व गरीबगृहात धाडले जाऊ लागले. उपचार उपलब्ध असूनही ते गरिबापर्यंत पोहोचू नयेत अशी ही रचना होती. डिक्स यांनी पुढील आयुष्यभर जी मागणी केली, ती या रचनेतून समजते : खर्च गावाच्या डोक्यावरून काढून राज्याच्या तिजोरीवर टाकावा. गावकारभाऱ्यांच्या क्रौर्यावर त्यांनी कोरडे ओढले, तरी कारभारी बदलल्याने प्रश्न सुटणार नाही हे त्या ओळखून होत्या.

मॅसॅच्युसेट्सचे निवेदन

१८४१ आणि १८४२ या वर्षांत डिक्स यांनी वही घेऊन मॅसॅच्युसेट्सभर प्रवास केला. गावोगावची गरीबगृहे, तुरुंग आणि खासगी घरे त्यांनी पाहिली व प्रत्येक ठिकाणी काय दिसले ते लिहून ठेवले. जानेवारी १८४३ मध्ये त्यांनी राज्याच्या विधिमंडळाला सादर केलेले निवेदन हे अमेरिकेतील सामाजिक सुधारणेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे लेखन समजले जाते. विधिमंडळाचे सदस्य झालेल्या डॉ. हाउ यांनी ते सभागृहापुढे ठेवले.

निवेदनाचा बराचसा भाग म्हणजे गावांची नावे घेऊन केलेल्या नोंदी आहेत. पिंजऱ्यात, तळघरात, फळ्यांच्या खुराड्यात कोंडलेली माणसे, गळ्यातील व पायातील साखळ्या, पेंढ्याचे अंथरूण, गोठून निकामी झालेले पाय असे तपशील एकापाठोपाठ येतात. डॅनव्हर्स गावाच्या गरीबगृहात एक तरुणी पिंजऱ्याच्या गजांना धरून उभी होती आणि स्वतःच्या अंगाची कातडी ओरबाडून काढीत होती. तिच्याभोवतीची घाण अशी होती की तेथे क्षणभरही थांबणे कठीण होते. असे चित्र रंगवताना लेखिकेने स्वतःकडे कमीपणा घेतलेला दिसतो. स्त्रीने अशा विषयावर लिहिणे त्या काळात अप्रशस्त मानले जाई. त्यामुळे ही वर्णने आपण केवळ कर्तव्य म्हणून करीत आहोत, असे त्यांनी आरंभीच सांगितले.

निवेदन प्रसिद्ध होताच खळबळ उडाली. डॅनव्हर्ससह काही गावांच्या कारभाऱ्यांनी वर्णने खोटी अथवा अतिरंजित असल्याचा जाहीर प्रतिवाद केला. काही नोंदींत चुका होत्या आणि काही ठिकाणी डिक्स यांनी पाहिल्यानंतर किंवा त्याआधी सुधारणा झालेल्या होत्या, हे नंतरच्या इतिहासकारांनीही दाखवले आहे. मुख्य आरोप मात्र खोडला गेला नाही. विधिमंडळाने वूस्टरच्या रुग्णालयाच्या विस्ताराला मंजुरी दिली.

राज्याराज्यांतून

यानंतर डिक्स यांची एक पद्धतच ठरून गेली. नव्या राज्यात जायचे, काही महिने गरीबगृहे व तुरुंग स्वतः पाहायचे, स्थानिक वृत्तपत्रांतून लेख लिहायचे, विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की निवेदन तयार करून ते एखाद्या वजनदार सदस्याच्या हाती द्यायचे आणि अधिवेशन चालू असताना राजधानीत मुक्काम ठोकून सदस्यांना एकेक करून भेटायचे. निवेदनात त्या दोन प्रकारचे युक्तिवाद करीत. एक माणुसकीचा आणि दुसरा पैशाचा. आजार नवा असताना उपचार झाले तर रुग्ण काही महिन्यांत बरा होऊन कामाला लागतो. उपचार टाळले तर तोच माणूस पुढील तीस-चाळीस वर्षे सार्वजनिक खर्चाने साखळीत पडून राहतो, असा हिशेब त्या आकडे देऊन मांडीत.

१८४५ पर्यंत त्यांनी दहा हजार मैलांहून अधिक प्रवास केला होता आणि राज्यांचे १८ मोठे तुरुंग, ३०० काउंटी तुरुंग व सुधारगृहे आणि ५०० हून अधिक गरीबगृहे पाहिली होती. रेल्वे तेव्हा थोड्याच भागांत पोहोचली होती. बाकीचा प्रवास घोडागाडी, नदीतील आगबोट आणि चिखलाचे रस्ते यांतून होई. या अनुभवांवर आधारलेले अमेरिकेतील तुरुंगांविषयीचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले.

र्‍होड आयलंडमध्ये त्यांनी १८४४ साली एका माणसाची हकीकत वृत्तपत्रात प्रसिद्ध केली. लिटल कॉम्प्टन या गावी त्याला दगडी कोठडीत वर्षानुवर्षे कोंडले होते आणि हिवाळ्यात त्या कोठडीच्या भिंतींवर बर्फाचा थर जमे. हिशेबी म्हणून ख्यात असलेले धनिक सायरस बटलर यांना त्यांनी गाठले. तेवढीच रक्कम इतरांनी जमवावी या अटीवर बटलर यांनी ४०,००० डॉलर दिले आणि प्रॉव्हिडन्स येथे बटलर रुग्णालय उभे राहिले.

न्यू जर्सीत मनोरुग्णालय नव्हतेच. तेथील निवेदनात डिक्स यांनी एका वृद्धाचे वर्णन केले होते. एके काळी तो राज्यातील प्रतिष्ठित कायदेपंडित व विधिमंडळाचा सदस्य होता. उतारवयात बुद्धी ढळली, पैसा संपला आणि आता तो काउंटीच्या गरीबगृहाच्या तळघरात पडून होता. अनेक सदस्य त्याला ओळखत होते. मार्च १८४५ मध्ये विधेयक संमत झाले आणि ट्रेंटन येथील रुग्णालय मे १८४८ मध्ये सुरू झाले. फिलाडेल्फियाचे डॉ. टॉमस कर्कब्राइड यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे पहिले रुग्णालय होय. त्यात मधल्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना मागे सरकत जाणाऱ्या पाख्या होत्या, जेणेकरून प्रत्येक खोलीत उजेड व वारा यावा. डिक्स या रुग्णालयाला आपले पहिले अपत्य मानीत. पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, केंटकी, टेनेसी, मिसिसिपी, अलाबामा, मेरीलँड अशा राज्यांतही त्यांनी मोहिमा चालवल्या.

नॉर्थ कॅरोलिनामधील प्रसंग प्रसिद्ध आहे. १८४८ च्या अखेरीस राज्याची तिजोरी रिकामी असल्याचे सांगून तेथील सदस्यांनी विधेयक फेटाळले होते. डिक्स रॉली शहरात ज्या हॉटेलात उतरल्या होत्या, तेथेच जेम्स डॉबिन या सदस्याची पत्नी आजारी होती. डिक्स यांनी तिची शुश्रूषा केली. मृत्यूपूर्वी तिने पतीकडे या विधेयकाला पाठिंबा देण्याची विनंती केली. पत्नीचे अंत्यसंस्कार आटोपून परतलेल्या डॉबिन यांनी सभागृहात भाषण केले आणि विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर झाले. रुग्णालयाला आपले नाव देण्यास डिक्स यांनी नकार दिला. टेकडीला मात्र आजोबांच्या स्मरणार्थ डिक्स हिल हे नाव स्वीकारले.

सरकारी जमिनीचे विधेयक

राज्याराज्यांत स्वतंत्रपणे झगडण्यापेक्षा रुग्णालयांना कायमचे उत्पन्न मिळावे, अशी डिक्स यांची कल्पना होती. संघराज्याच्या मालकीची अफाट जमीन पश्चिमेकडे पडून होती. रेल्वे कंपन्यांना व शाळांना तिचे वाटप होत होते. तिचा काही भाग राज्यांना द्यावा, तो विकून आलेली रक्कम गुंतवावी आणि व्याजातून गरीब मनोरुग्णांचा खर्च भागवावा, असे निवेदन त्यांनी १८४८ मध्ये काँग्रेसला दिले. आरंभीची मागणी पन्नास लाख एकरांची होती. ती वाढत जाऊन १,२२,२५,००० एकर झाली. यातील एक कोटी एकर मनोरुग्णांसाठी व उरलेली जमीन मूकबधिरांसारख्या अपंगांसाठी होती. डिक्स यांना सदस्यांना भेटण्यासाठी कॅपिटॉल इमारतीतील ग्रंथालयाचा एक कोपरा देण्यात आला होता. सहा वर्षे त्यांनी पाठपुरावा केला. कधी एका सभागृहाने विधेयक मान्य केले तर दुसऱ्यात ते अडकले. अखेर १८५४ च्या वसंतात ते दोन्ही सभागृहांत संमत झाले.

३ मे १८५४ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. हेतूविषयी सहानुभूती व्यक्त करूनही, निराधारांचे पालन हे राज्यांचे काम असून राज्यघटनेने संघराज्याला तो अधिकार दिलेला नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. आज मनोरुग्णांसाठी जमीन दिली तर उद्या सर्वच गरिबांची जबाबदारी केंद्रावर येईल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. गुलामगिरीच्या प्रश्नामुळे राज्यांच्या अधिकारांचा वाद तेव्हा पेटलेला होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. नकाराधिकार उलटवण्याइतके बहुमत सिनेटमध्ये मिळाले नाही. या निर्णयाने एक दंडक पडला आणि समाजकल्याणाच्या क्षेत्रात अमेरिकी संघराज्य पुढे सुमारे ऐंशी वर्षे बव्हंशी दूर राहिले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा १९४६ साली झाला. सैनिकांसाठी व राजधानीतील रहिवाशांसाठी वॉशिंग्टन येथे १८५५ मध्ये उघडलेले सरकारी मनोरुग्णालय मात्र डिक्स यांच्या प्रयत्नांना आलेले फळ होते. पुढे ते सेंट एलिझाबेथ्स या नावाने ओळखले जाऊ लागले.

युरोपातील काम

पराभवाने खचलेल्या डिक्स विश्रांतीसाठी १८५४ मध्ये युरोपला गेल्या. विश्रांती मात्र त्यांनी फारशी घेतली नाही. स्कॉटलंडमध्ये गरीब मनोरुग्णांना कमीत कमी दरात सांभाळणाऱ्या खासगी परवानाधारक घरांकडे सोपवण्यात येई. एडिनबरो परिसरातील अशी घरे पाहून त्यांनी वरिष्ठांकडे दाद मागण्याचे ठरवले. त्यांच्या आधी लंडनला पोहोचून सरकारचे मत वळवण्याचा शहराच्या प्रमुखाचा बेत असल्याचे कळताच, त्यांनी रात्रीची टपालगाडी पकडली आणि त्या गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांना आधी जाऊन भेटल्या. १८५५ मध्ये चौकशीसाठी राजआयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालानंतर १८५७ मध्ये स्कॉटलंडसाठी मनोरुग्णविषयक स्वतंत्र कायदा झाला. एका परकीय स्त्रीने हे प्रकरण उकरून काढल्याबद्दल तेथील काही लोकांनी नाराजी व्यक्त केली होती.

जर्सी बेटावरील रुग्णांच्या स्थितीकडेही त्यांनी लक्ष वेधले. १८५६ मध्ये रोम येथे त्यांनी पोप नववे पायस यांची भेट घेऊन शहरातील मनोरुग्णालयाची दुरवस्था कानावर घातली, तेव्हा पोपांनी तेथे पूर्वसूचना न देता जाऊन पाहणी केली. डिक्स स्वतः प्रॉटेस्टंट होत्या आणि कॅथलिक पंथाविषयी त्यांच्या मनात अढी होती, हे पाहता ही भेट उल्लेखनीय ठरते.

यादवी युद्ध

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच डिक्स वॉशिंग्टनला दाखल झाल्या आणि जूनमध्ये त्यांची लष्करी परिचारिकांच्या अधीक्षकपदी नेमणूक झाली. त्यांनी वेतन घेतले नाही. परिचारिकेचे वय ३५ ते ५० असावे, पोशाख काळा किंवा तपकिरी व साधा असावा, अलंकार व केसांची वळणे नसावीत, असे कडक नियम त्यांनी केले. लष्करी छावणीत स्त्रियांच्या वावराला विरोध होता. त्यांच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवू नये हा नियमांमागील हेतू होता. लेखिका लुइझा मे अल्कॉट यांनी याच व्यवस्थेखाली काही आठवडे रुग्णसेवा केली होती.

प्रशासन हा डिक्स यांचा प्रांत नव्हता. एकट्याने हिंडून, स्वतःच्या मर्जीने काम करण्याची त्यांना सवय होती. लष्करी डॉक्टरांशी त्यांचे खटके उडत; कॅथलिक भगिनींना डावलल्याचा आरोपही झाला. ऑक्टोबर १८६३ मध्ये काढलेल्या आदेशाने परिचारिका नेमण्याचा अधिकार डॉक्टरांनाही मिळाला आणि डिक्स यांचे पद नावापुरते उरले. तरी युद्ध संपेपर्यंत त्या कामावर राहिल्या. आपल्या कार्याचे मूल्यमापन या कामावरून होऊ नये, असे त्या पुढे म्हणत.

उत्तरायुष्य व रुग्णालयांची स्थिती

युद्धानंतर डिक्स पुन्हा रुग्णालयांच्या फेऱ्या करू लागल्या. परंतु त्यांनी उभ्या केलेल्या संस्था आता बदललेल्या होत्या. मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांच्या संघटनेने १८५१ मध्ये एका रुग्णालयात जास्तीत जास्त २५० रुग्ण असावेत, असे ठरवले होते. १८६६ मध्ये ही मर्यादा ६०० वर नेण्यात आली. राज्ये रुग्णालय बांधून मोकळी होत, पण वाढत्या संख्येच्या मानाने कर्मचारी देत नसत. खर्च राज्यावर गेल्यामुळे काउंट्या आता आपल्याकडील वृद्ध व असाध्य रुग्णांनाही तिकडे पाठवू लागल्या. पूर्वी दार बंद असल्याने गरीब बाहेर राहत होता. दार उघडल्यावर आत उपचारांना जागा उरली नाही. न्यूयॉर्क राज्याने १८६९ मध्ये केवळ जुनाट रुग्णांसाठी विलर्ड येथे वेगळी संस्था सुरू केली.

ज्या आशावादावर डिक्स यांचा हिशेब उभा होता, तोही डळमळला. वूस्टरसारख्या रुग्णालयांनी नव्या रुग्णांपैकी बहुसंख्य बरे होत असल्याचे आकडे प्रसिद्ध केले होते. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्पटन येथील अधीक्षक डॉ. प्लिनी अर्ल यांनी १८७० च्या दशकात ते तपासले, तेव्हा एकच रुग्ण अनेकदा भरती होऊन अनेकदा घरी गेला असेल तर प्रत्येक वेळी तो बरा झालेला म्हणून मोजला गेल्याचे दिसून आले. डिक्स यांनी हे आकडे प्रामाणिकपणे वापरले होते. रुग्णालयांच्या घसरणीचे दुःख त्यांच्या पत्रांतून दिसते, तरी मोठ्या संस्थेवाचून दुसरा मार्ग त्यांना कधी सुचला नाही.

याच काळात जपानचे वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी मोरी आरिनोरी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. क्योतो येथे १८७५ मध्ये मनोरुग्णालय सुरू झाल्याचे मोरी यांनी त्यांना पत्राने कळवले.

१८८१ मध्ये प्रकृती पूर्ण खालावल्यावर न्यू जर्सी राज्याने ट्रेंटनच्या रुग्णालयातील काही खोल्या त्यांना आजीव राहण्यास दिल्या. सहा वर्षांनी त्यांचा तेथेच मृत्यू झाला. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. थडग्यावर केवळ नाव कोरलेले आहे.

मूल्यमापन

डिक्स यांनी स्वतःविषयी लिहिण्याचे व चरित्रकारांना माहिती देण्याचे कटाक्षाने टाळले. त्यांचे पहिले मोठे चरित्र फ्रान्सिस टिफनी यांनी १८९० मध्ये लिहिले. त्यात त्या संतिणीसारख्या दिसतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड गॉलहर व टॉमस ब्राउन यांच्या चरित्रांनी हे चित्र बदलले. गुलामगिरीच्या प्रश्नावर त्यांनी बाळगलेले मौन हा त्यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. दक्षिणेतील राज्यांत त्या वारंवार हिंडल्या, तेथील मळेवाल्यांच्या घरी राहिल्या आणि त्यांच्या मतांवरच विधेयके संमत करून घेतली. उघड विरोध केला असता तर ही दारे बंद झाली असती, हे खरे. परंतु गुलामांच्या स्थितीविषयी त्यांना फारशी कळकळही नव्हती, असे त्यांच्या पत्रव्यवहारावरून अभ्यासकांनी दाखवले आहे. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मनोरुग्णांना या रुग्णालयांचा लाभ बहुधा मिळाला नाही किंवा वेगळ्या व निकृष्ट जागेत मिळाला. नॉर्थ कॅरोलिनामध्ये त्यांच्यासाठी गोल्ड्सबरो येथे स्वतंत्र मनोरुग्णालय १८८० मध्ये सुरू झाले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीपासूनही डिक्स दूर राहिल्या.

स्मृती

१९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला कीर्तिमंदिरात डिक्स यांचा समावेश झाला आणि १९८३ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले एक सेंटचे तिकीट काढले. दुसऱ्या महायुद्धातील एका अमेरिकी वाहतूक नौकेलाही त्यांचे नाव होते.

रॉली येथील रुग्णालयाला पुढे डोरोथिया डिक्स रुग्णालय हे नाव मिळाले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णांना मोठ्या संस्थांतून समाजात परत पाठवण्याचे धोरण आल्यावर तेथील खाटा कमी होत गेल्या आणि २०१२ मध्ये ते बंद झाले. २०१५ मध्ये रॉली शहराने उद्यानासाठी ही ३०८ एकर जमीन राज्याकडून विकत घेतली. विक्रीतून आलेल्या रकमेचा स्वतंत्र निधी करून तो राज्यातील मनोरुग्णांसाठी खाटा वाढवण्याकडे वळवण्यात आला.